राघूने चाखलेली आमटी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राघू आपल्या मनचं बोलत असत आणि माणसं कामधाम सोडून त्यांचं ऐकत बसत. आता ते आपण शिकवलेलंच बोलतात, त्यामुळे ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही.

तर त्या काळी एका डोंगराच्या माथ्यावर माथेवाडी नावाचं गाव होतं आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला, खाडीच्या काठी, तळवाडी. माथेवाडीत बारमाही झरा होता. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून तळवाडीला जाई. तळवाडीच्या विहिरी खाडीमुळे मचूळ होत्या, त्यामुळे पिण्याचं पाणी तेवढं वरूनच यायचं. आणि खालून वर जायचं मीठ आणि नारळ. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

एका वर्षी पाऊस लवकर आटोपला. झरा बारीक झाला. माथेवाडीच्या लोकांनी पाटाच्या तोंडाशी एक धोंडा लोटून दिला. त्याच्या फटीतून करंगळीएवढी धार काय ती खाली जात राहिली. तळवाडीची माणसं विचारायला वर आली, शब्दाने शब्द वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून मीठ यायचं बंद झालं.

अळणी जेवण माणूस किती दिवस जेवणार? माथेवाडीने मिठाची कसर मिरचीने भरून काढायला सुरुवात केली.

मिरचीला तिथे तोटा नव्हता. त्या डोंगरावर लवंगी मिरची व्हायची. नखाएवढी, पण झाडावर आभाळाकडे तोंड करून ताठ उभी. तिचं बी कोणी पेरत नसे. राघू आणि साळुंक्या ती खात आणि त्यांच्यामागून ती रानभर उगवत असे. माथेवाडीत ही मिरची पाट्यावर वाटून फोडणीत घालत. तळवाडीत तीच मिरची अख्खी नारळाच्या दुधात सोडत आणि वास उतरला की चिमटीने काढून टाकत. खाडीत दूरदेशीची गलबतं लागत. त्यांच्यावरचे खलाशी सांगत, की आमच्याकडेही हीच मिरची आहे, कोणी ती माशाच्या कालवणात ठेचून घालतं, कोणी व्हिनेगरात मुरवून भाताशी चाखतं. मिरची सगळीकडे एकच, पण प्रत्येकाची जीभ आपापल्या गावची.

माथेवाडीत देवीचं देऊळ होतं. चैत्रात देवीला कुळथाच्या झणझणीत आमटीचा नैवेद्य असे. त्या वर्षी दोन्ही गावांतल्या वडीलधाऱ्यांनी खटपट करून एक गोष्ट ठरवली. नैवेद्याच्या दिवशी दोन्ही गावांनी एका पंगतीला बसायचं आणि एकाच काहिलीतली आमटी खायची. तळवाडीच्या माणसांनी पान स्वच्छ केलं, की धोंडा हलवायचा आणि मीठ सुरू करायचं. पण भरल्या पानावरून एक जरी माणूस उठला, तरी समेट मोडला. मग पुढच्या चैत्रापर्यंत कोणी कोणाकडे जायचं नाही.

अशा पंगतीचा स्वयंपाक कोणी करायचा? त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. देवीची पळी तीस वर्षं आक्काच्या हातात होती.

आक्का म्हणजे माथेवाडीची स्वयंपाकीण. उंच, कडक, कमी बोलणारी. तिची सून सगुणा तिच्या हाताखाली होती आणि तिची लेक भिवरा खाली तळवाडीत दिली होती. भिवरा आता रोज दोन कोस चालून दुसऱ्या गावच्या विहिरीवरून पाणी आणत होती. कडेवर चार वर्षांची छबी, डोक्यावर दोन हंडे. मागच्या खेपेला ती आईला भेटायला आली तेव्हा तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. तिने फक्त माठातलं पाणी घेतलं आणि छबीला पाजून उरलेलं पुन्हा माठात ओतलं. आईच्या घरी! आक्काला तो घोटभर पाण्याचा आवाज दिवसचे दिवस आठवत राहिला.

धोंडा हलला पाहिजे. आक्काला दुसरं काही नको होतं.

पण आक्काच्या पोटात एक भीती होती आणि ती तिने कोणालाही सांगितलेली नव्हती.

नैवेद्य चाखायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. देवीच्या आधी माणसाची जीभ लागली की ते उष्टं. मग तिखट बरोबर पडलं की नाही हे स्वयंपाकिणीला कसं कळणार? त्यासाठी माथेवाडीत एक रीत होती. तेल तापलं की त्यात वाटलेली मिरची चिमूटभर सोडायची आणि थांबायचं. स्वयंपाकिणीला ठसका लागला की एक. मग पुन्हा चिमूट, पुन्हा ठसका. तिसऱ्या ठसक्याला हात आवरायचा. मिरची एखाद्या वर्षी सौम्य असते, एखाद्या वर्षी जहाल, म्हणून मोजून घालण्यात अर्थ नसे. घशाला जे कळतं ते मोजणीला कळत नाही, असं आक्काच्या सासूने तिला शिकवलं होतं.

आणि पौषात आक्काला ताप आला. पंधरा दिवस तिने अंथरूण धरलं. उठली तेव्हा तिच्या नाकाचा वास गेला होता, जिभेला तिखट कळेनासं झालं होतं आणि घशाचा ठसकाही गेला होता.

पहिल्यांदा तिला कळलंसुद्धा नाही. एकदा ती मिरच्या भाजत होती आणि अंगणात खेळणारी पोरं खोकत खोकत पळाली. सगुणा पदर नाकाला लावून मागल्या दारी गेली. आक्का मात्र तव्यासमोर शांत बसून होती, पाण्यासमोर बसावं तशी. तिने तव्यावर वाकून खोल श्वास घेतला. काही नाही. आणखी वाकली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते मिरचीचं नव्हतं.

तेव्हापासून आक्का चोरासारखी वागू लागली. घरी फोडणी देताना ती सगुणाच्या चेहऱ्याकडे बघायची. सुनेच्या नाकपुड्या हलल्या की चिमूट थांबवायची आणि मग आपण खोटंच खोकायची. सुनेला ठसका लागला की पाठोपाठ हिचा. घरातलं जेवण त्यामुळे बिघडलं नाही. पण घर म्हणजे देऊळ नव्हे. देवीच्या दिवशी काहिलीभर आमटी, दोन गावं जेवायला, आणि लेकीच्या डोक्यावरचे दोन हंडे.

बरं, मिरची कमी घालून मोकळं व्हावं, तर तेही जमत नव्हतं. आमटी फिकी झाली तर माथेवाडी काय म्हणणार? म्हणणार, लेक तळवाडीत दिली म्हणून हिने देवीचा नैवेद्य बिघडवला. मग पंगतीतून माथेवाडीचीच माणसं उठतील. जास्त झाली तर तळवाडीची उठतील. आणि त्या वर्षी पाऊस कमी, म्हणजे मिरची जहाल असणार, एवढंच ठाऊक. किती जहाल, ते सांगणारा घसा गेलेला.

जसजसा दिवस जवळ आला तसतशी आक्काची झोप उडाली आणि अन्नावरची वासना गेली. कोणी सहज म्हटलं, "आक्का, यंदा कशी आहे हो मिरची?" की ती म्हणायची, "नेहमीसारखीच." आणि भराभर चालू लागायची.

नैवेद्याच्या आदल्या दिवशी सगुणा तिच्याजवळ येऊन बसली. ती मिरच्यांची देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आत्याबाई, उद्या फोडणीच्या वेळी मी बसू का तुमच्याजवळ?"

"कशाला?"

"असंच. शेगडी मोठी, काहील मोठी. हाताखाली कोणी असलेलं बरं."

बघा, दार उघडलं होतं. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. "बस गं बाई, मला आता ठसका लागत नाही," एवढे आठ शब्द आक्काने बोलायचे होते. पण तिच्या मनात भलतंच आलं. हिला संशय आलाय. हिला पळी हवी आहे. उद्या ही चारचौघांत सांगेल, की म्हातारी आता कामातून गेली.

"तीस वर्षं एकटीने केलंय मी," आक्का म्हणाली. "तू अंगणात भाताकडे बघ."

सगुणाने उरलेल्या मिरच्या खुडल्या, हात धुतले आणि उठून गेली.

नैवेद्याचा दिवस उजाडला. तळवाडीची माणसं सकाळीच डोंगर चढून आली. बायका, म्हातारी, पोरं, सगळी. देवीला म्हणून त्यांनी नारळांच्या दोन पाट्या आणि मूठभर मीठ आणलं होतं. माथेवाडीची माणसं एका बाजूला उभी राहिली, ती दुसऱ्या बाजूला. मधल्या रिकाम्या जागेतून एक कुत्रं फिरत होतं, त्याला तेवढं दोन्हीकडे जाता येत होतं.

आक्काने देवळाच्या पाकघराचं दार आतून लावून घेतलं. रीत म्हणून नव्हे. ठसका बाहेर कोणाला लागेल आणि आपल्याला लागला नाही हे कोणाच्या ध्यानात येईल, या धास्तीने. मागची खिडकी तेवढी उघडी राहिली.

कुळीथ शिजले होते. काहिलीत तेल तापलं. आक्काने पहिली चिमूट सोडली. तेल चरचरलं. ती थांबली. घशाला काही कळेना. दुसरी चिमूट. घसा गप्प. किती झाली? थांबायचं कुठे? बाहेर टाळ वाजायला लागले होते, म्हणजे नैवेद्याची वेळ होत आली होती.

तेवढ्यात खिडकीत फडफड झाली. देवळामागच्या वडावर राहणारा राघू गजावर येऊन बसला. त्याच्या चोचीत एक लाल लवंगी होती आणि ती तो मजेत कुटुकुटु खात होता.

आक्का त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला एकदम वाटलं, अरे, हा तर जन्मभर मिरचीच खातो. सकाळी मिरची, दुपारी मिरची. मिरचीतलं याच्याइतकं कोणाला कळणार? शिवाय हा कोणाकडे चहाड्या सांगायला जाणार नाही. आणि माणसाच्या जिभेने नैवेद्य उष्टा होतो, पाखराच्या चोचीने होत नाही. नैवेद्याआधी पाखरांना घास काढायची तर रीतच होती.

घाबरलेल्या माणसाला वाट दिसली, की ती कुठे जाते हे तो विचारत नाही.

आक्काने कुळथाचं कढण काहिलीत ओतलं, ढवळलं आणि थोडी आमटी पानावर घेऊन, फुंकर घालून, खिडकीत ठेवली.

"राघोबा, जरा बघतोस का? तिखट किती झालंय?"

राघूने चोच बुडवली. डोळे मिटून विचार केला. "गोड आहे," तो म्हणाला.

"गोड?" आक्का दचकली. म्हणजे फिकीच की! तिने वेगळ्या कढईत तेल तापवून आणखी मूठभर मिरची परतली आणि काहिलीत घातली. "आता?"

"छान आहे."

"तिखट आहे का?"

"तिखट म्हणजे ते कसं असतं?" राघूने विचारलं.

इथे आक्काने थांबायला हवं होतं. तुम्ही थांबला असता, मीही थांबलो असतो, म्हणजे असं आपण आता म्हणतोय. पण आक्काला त्याचं बोलणं नीट ऐकायला सवड नव्हती. तिला वाटलं, मिरची खाऊन मुरलेला हा, त्याला एवढं म्हणजे काहीच नाही. टाळ जोरात वाजत होते. तिने आणखी एक मूठ परतून घातली.

"आता झालं," राघू समाधानाने म्हणाला. "मिरचीची चव आता कुठे लागली." आणि तो उडून गेला. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या जिभेला जे लागलं ते त्याने सांगितलं.

आक्काने दाराशी जाऊन तीन वेळा मोठ्याने खोटं खोकून दाखवलं. बाहेर कोणीतरी म्हणालं, "झाली हो आमटी!"

देवीला नैवेद्य दाखवला. पानं मांडली गेली. माथेवाडी एका ओळीत, तळवाडी समोरच्या ओळीत. सगुणा आमटीचं भांडं भरून घ्यायला आत आली. काहिलीवर वाकली आणि तिला असा ठसका लागला, की तिच्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं. डोळे पुसून तिने सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई..."

"बघत काय राहिलीस?" आक्का म्हणाली. "वाढ."

सगुणाने वाढलं.

भातावर लालभडक आमटी पडली. तळवाडीच्या म्हाताऱ्या पाटलाने पहिला घास घेतला आणि तो चघळता चघळता थांबला. त्याचे कान लाल झाले. मग कपाळावर घाम आला. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि गटागट प्यायला, पण पाण्याने ती आग तोंडभर पसरली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

तो उठला नाही. त्याने दुसरा घास घेतला.

त्याच्याशेजारच्याने खाल्लं. त्याच्यापुढच्याने खाल्लं. ओळीभर नाकं वाहायला लागली, पण एकही माणूस हूं की चूं करेना. कोणी भाताचा मोठा गोळा करून आमटी त्यात लपवत होतं, कोणी डोळे मिटून गिळत होतं. तळवाडीच्या तरुणांच्या मुठी मांड्यांवर आवळलेल्या होत्या. एकजण दातओठ खात पुटपुटला, "मुद्दाम केलंय. आपण उठावं म्हणून केलंय." तसा म्हातारा पाटील घोगऱ्या आवाजात ओरडला, "उठायचं नाही! कोणी उठायचं नाही. पान पुसून घ्या."

समोर माथेवाडीचीही तीच गत होती. मिरचीला सरावलेली माणसं ती, पण त्यांच्याही तोंडाला फेस आला होता. आपल्याच देवळातल्या आमटीने आपल्याला पोळलं, हे बोलायची मात्र कोणाला हिंमत होत नव्हती.

आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खातायत, ती मनात म्हणत होती, खातायत सगळी. संपवतील. आणखी थोडंच राहिलंय. संपलं की धोंडा हलेल. कोणाला कळणारसुद्धा नाही.

तेवढ्यात तिची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे भिवरा बसली होती आणि तिच्या मांडीशी छबी. पोरीचे ओठ सुजून लाल झाले होते. ती हुंदके देत मान फिरवत होती, आणि भिवरा तिची हनुवटी धरून घास तोंडात कोंबत होती.

"खा माझी बाय," भिवरा म्हणत होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांचं पाणी पोरीच्या केसांत पडत होतं. "पान टाकायचं नाही. एवढा घास. पाणी येणार आहे ना आपल्याला? पाण्यासाठी खा."

एवढे दिवस आक्का स्वतःच्या नावाला जपत होती आणि म्हणत होती, की लेकीसाठी करतेय. ती धावत गेली, खाली बसली आणि छबीच्या पानावर आपले दोन्ही हात पालथे घातले.

"थांबा!" ती म्हणाली. "सगळे थांबा. चूक माझी आहे."

पंगत जागच्या जागी थिजली.

आक्काने सांगून टाकलं. पौषातला ताप, गेलेला वास, घरातलं खोटं खोकणं, लावलेलं दार. काही लपवलं नाही. बोलताना तिचा आवाज फुटत होता, पण बोलायची ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, "कोणाला विचारायची लाज वाटली. म्हणून मी राघूला विचारलं."

माथेवाडीचा पाटील पानावरून ओरडला, "देवीचा नैवेद्य राघूला विचारून केलास?"

"तो जन्मभर मिरचीच खातो, पाटील. मला वाटलं, त्याच्याइतकं कोणाला कळणार?"

तळवाडीच्या ओळीतून एक दात पडलेली म्हातारी खोकत खोकत म्हणाली, "अगं बाये, पाखराला मिरची झोंबते कुठं? झोंबली असती तर खाल्ली असती का त्यानं? ज्याला झोंबतच नाही तो सांगणार काय, कपाळ?"

कोणीतरी हसलं. रडता रडता हसणं होतं ते, पण ओळीभर पसरलं. हसला नाही तो एकटा माथेवाडीचा पाटील. तो आपल्या पानाकडे बघत बसला होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. लोकांना वाटलं, आता हा आक्काला गावाबाहेर काढणार.

"मीसुद्धा तेच केलं," पाटील म्हणाला.

हसू थांबलं.

"धोंडा लोटायच्या दिवशी मी गावातल्या चार जाणत्या माणसांना बोलावलं होतं. म्हटलं, एवढ्या धारेत तळवाडीचं भागेल ना? चौघंही म्हणाले, भागून उरेल. त्या चौघांची घरं झऱ्याला लागून. त्यांच्या बायकांना उंबरा ओलांडला की पाणी." पाटलाने समोरच्या ओळीकडे पाहिलं. "खाली उतरून तुमच्यातल्या एकाला विचारावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आक्काने निदान घाबरून केलं. मी तर निवांत बसून केलं."

आणि पाटील उठला. भरल्या पानावरून, आमटीभात अर्धाही न संपवता, ताडकन उठला.

"पाटील!" चारी बाजूंनी माणसं ओरडली. "समेट मोडला!"

"मोडू दे. पान मी टाकलंय, दोष माझ्या गावाचा. तहानेल्या माणसाला पाणी द्यायला त्याच्याकडून पान पुसून घ्यावं लागतं, असा समेट हवाय कोणाला?" तो पंगतीच्या टोकाला गेला आणि भिवरासमोर थांबला. "पोरी, तू सांग. किती पाणी लागतं तुम्हाला?"

भिवरा गोंधळली. तिला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने पोरीला छातीशी धरलं आणि एका हाताने मनगटाजवळ दाखवलं. "एवढी जाड धार असली तरी पुष्कळ झालं, पाटील. गुरांनाही पुरेल. सगळं नको आम्हाला. तुम्हालाही लागतंच की."

मग दोन्ही गावांतली माणसं उठली आणि पाटाकडे गेली. धोंडा हलवायला दहाजण लागले. धार किती जाड ठेवायची, हे भिवरा पाटाशी उभी राहून सांगत होती आणि माथेवाडीचा पाटील फट दगडांनी बांधून घेत होता.

इकडे बायकांनी नारळ फोडले. तळवाडीच्या म्हातारीने सगळ्यांना आधी पाणी प्यायला मनाई केली आणि घोटघोट नारळाचं दूध पाजलं. छबीला गुळाचा खडा दिला. आमटीतली अर्धी काढून ठेवली, उरलेल्या आमटीत घागरभर दूध ओतलं. नैवेद्य झाला होता, त्यामुळे आता चाखायला हरकत नव्हती. सगुणाने माथेवाडीचं एक माणूस बोलावलं, तळवाडीचं एक बोलावलं आणि एक लहान पोर बोलावलं. तिघांनीही मान डोलावली तेव्हाच तिने काहील उतरवली.

आक्काने देवीची पळी धुतली, पुसली आणि आपणहून सगुणाच्या हातात दिली. तीस वर्षांची पळी होती ती.

"मला पौषातच कळलं होतं, आत्याबाई," सगुणा हळूच म्हणाली. "तुमचं खोकणं माझ्यामागून यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते."

पुढे आक्का देवळाच्या स्वयंपाकात पुन्हा कधी बसली नाही. गावातली माणसं काही दिवस तिला हसली, पोरांनी तिच्यावर गाणं रचलं. ते तिने सोसलं.

दुसऱ्या दिवशी खालून मिठाची पहिली पाटी वर आली. तो उन्हाळा फार कडक गेला. पाणी दोन्ही गावांना कमी पडलं, पण दोघांनाही सारखंच कमी पडलं, त्यामुळे भांडण झालं नाही. भिवराचे दोन कोस वाचले. आणि दर पंधरवड्याला माथेवाडीचा पाटील काठी टेकत डोंगर उतरायचा, तळवाडीच्या पाणवठ्यावर बायकांमध्ये जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "पुरतंय का गं?" ज्या दिवशी त्या नाही म्हणत, त्या दिवशी तो वर जाऊन एक दगड काढत असे.

तर लहानथोर मंडळींनो, एवढंच लक्षात ठेवा: चटका किती बसतो हे ज्याला बसतो त्यालाच विचारावं, ज्याला तो बसतच नाही, तो कितीही जाणता असला तरी त्याच्या मापाने दुसऱ्याचं तोंड पोळतं.